माठ, कूलर आणि प्रोसेसर

संगणकाच्या पोटात : भाग ९

मे महिन्यातल्या एका दुपारी नागपूरहून भाच्याचा फोन आला. बर्डीवरच्या एका संगणकाच्या दुकानातून बोलत होता. मागे दुकानातल्या पंख्याची घरघर इतकी, की निम्मं बोलणं मी अंदाजानेच समजून घेतलं.

"मामा, हे दुकानवाले काका म्हणून राहिले की लिक्विड कूलरच घे. नागपूरच्या उन्हात हवेवाला पुरत नाही म्हणे. घेऊन टाकू का?"

"प्रोसेसर कोणता ठरवलास?"

"रायझन सेव्हन ७७००."

"मग त्याच्या खोक्यातच एक कूलर येतो. विचार त्यांना."

पलीकडे थोडी कुजबुज झाली. "हो मामा, येतो म्हणे. पण तो तर फुकटचा आहे!"

एरवी 'फुकट ते पौष्टिक' म्हणणारे आपण, संगणक घेताना मात्र खोक्यातून फुकट आलेल्या वस्तूकडे संशयानेच बघतो. भाचा लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. लगनसराईत त्याचा संगणक दिवसचे दिवस तापलेला असतो, त्यामुळे त्याची काळजी अगदीच अनाठायी नव्हती. पण दुकानदाराने सांगितलेल्या लिक्विड कूलरची किंमत होती साडेनऊ हजार. "आत्ता काही घेऊ नकोस, रात्री बोलू," असं सांगून मी फोन ठेवला. मागच्या आठवड्यात आपण एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, निवडला. या आठवड्यात रॅमबद्दल लिहिणार होतो, पण बाहेरचा उन्हाळा बघता कूलर आधी घेतलेला बरा.

नागपुरात 'कूलर' या शब्दाला आधीच एक अर्थ आहे. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, टाकीत बुडालेला छोटा पंप आणि समोर मोठा पंखा. बाहेर ४५ अंश असताना या पेटीतून येणारा ओलसर, वाळ्याच्या वासाचा वारा ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला पाण्याने थंडावा येतो हे वेगळं सांगावं लागत नाही. दुकानदार 'लिक्विड' म्हणतो आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाळ्याची ताटी येते. गडबड होते ती इथे.

माठातलं पाणी गार का होतं? मडक्याच्या अंगातून थोडं पाणी झिरपतं, बाहेरच्या कोरड्या हवेत उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. पत्र्याच्या कूलरचंही तेच. किती उष्णता जाते ते आकड्यांत बघा. एक लिटर पाणी १० अंशांनी तापवायला सुमारे ४२ किलोज्यूल लागतात. तेच लिटरभर पाणी वाफ होऊन उडालं, तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता सोबत नेतं. म्हणून बाहेरच्या हवेपेक्षा माठातलं पाणी गार असतं, आणि म्हणूनच नागपूरला चालणारा कूलर दमट मुंबईत नुसता चिकचिकाट करतो. तिथली हवा आणखी पाणी घ्यायला फारशी तयारच नसते.

संगणकाच्या लिक्विड कूलरमधलं पाणी मात्र कुठेच उडून जात नाही. ते सीलबंद असतं. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याची एक चकती बसते, तिच्यावर पंप असतो, पंपातून निघालेल्या दोन रबरी नळ्या रेडिएटरपर्यंत जातात. पाणी प्रोसेसरजवळ थोडं तापतं, रेडिएटरमध्ये येतं, तिथल्या ॲल्युमिनियमच्या झिरमिळ पत्र्यांना उष्णता देतं आणि परत फिरतं. त्या पत्र्यांवर पंखे फुंकर घालतात आणि उष्णता शेवटी खोलीच्या हवेत जाते. म्हणजे गार करणारी हवाच. पाणी फक्त हमाल. हमाल चांगला आहे यात वाद नाही; तेवढ्याच आकारमानाच्या हवेच्या तुलनेत पाणी साधारण साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. पण ओझं उतरवायचं ठिकाण एकच, तुमची खोली. खोलीत ४० अंश असतील तर रेडिएटरमधलं पाणी ४० अंशांच्या खाली कधीही येणार नाही, मग कूलर साडेनऊ हजारांचा असो की पंचवीस हजारांचा.

आता दुसरी बाजू. ज्याला आपण 'हवेचा कूलर' म्हणतो, त्याच्याही पोटात पाणी असतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. हातात घेऊन बघितलात तर तळाच्या ठोकळ्यातून वर वळलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या चार-सहा नळ्या दिसतील. आम्ही विद्यार्थी असताना त्या नळ्या म्हणजे तांब्याच्या भरीव कांबी आहेत असंच समजत होतो. त्या पोकळ असतात. आतली हवा काढून त्यांत अगदी थोडं, काही थेंबच म्हणावं इतकं पाणी घालून दोन्ही टोकं बंद केलेली असतात. आत दाब कमी असल्यामुळे हे पाणी शंभर अंशांची वाट बघत नाही, चाळीस-पन्नास अंशांवरच उकळतं. तळाशी प्रोसेसर तापला की पाण्याची वाफ होते, वाफ वरच्या थंड टोकाकडे धावते, तिथे उष्णता पत्र्यांना देऊन परत पाणी होते आणि नळीच्या आतल्या अंगाला असलेल्या तांब्याच्या भुकटीच्या सच्छिद्र थरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, तळाशी परत येते. पंप नाही, वीज नाही, फिरणारा एकही भाग नाही. याला हीट पाइप म्हणतात. जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांना १९४४ मध्ये या कल्पनेचं पेटंट मिळालं, पण ती तशीच पडून राहिली. १९६३ मध्ये लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती नव्याने उभी केली, तीही अंतराळयानांसाठी. आज दोन-अडीच हजारांच्या कूलरमध्ये अशा चार नळ्या मिळतात. मला विचाराल तर संगणकातली सगळ्यात देखणी वस्तू ही आहे, आणि तिच्यावर एकही रंगीत दिवा नाही.

म्हणजे 'हवा की पाणी' हा प्रश्नच जरा फसवा आहे. दोन्हींत पाणी आहे, दोन्हींत शेवटचं काम हवेचं आहे. फरक आहे तो उष्णता किती लांब नेऊन, किती मोठ्या पत्र्यावर पसरायची याचा, आणि वाटेत बिघडण्यासारखं काय काय आहे याचा.

बरं, उष्णता असते तरी किती? इथे लोक खोक्यावरचा 'टीडीपी' नावाचा आकडा वाचतात आणि फसतात. एएमडीच्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलं असेल तर तो प्रोसेसर जोर लावताना ८८ वॅटपर्यंत घेऊ शकतो. १०५ असेल तर १४२, १७० असेल तर २३०. हे एएमडीच्या एएम४ आणि एएम५ या दोन्ही सॉकेटांच्या पिढ्यांतलं गुणोत्तर आहे, साधारण १.३५ पट. इंटेलने अलीकडे निदान दोन्ही आकडे छापायला सुरुवात केली. कोअर आय-फाइव्ह १२४०० चा मूळ आकडा ६५ आणि कमाल ११७ वॅट. आय-सेव्हन १४७००के आणि आय-नाइन १४९००के यांचा मूळ आकडा १२५, पण कमाल २५३ वॅट. कूलर निवडताना बघायचा तो दुसरा आकडा. भाच्याचा ७७०० म्हणजे ८८ वॅट.

८८ वॅट ऐकून काही वाटत नाही. पूर्वीचा पिवळा दिवा ६० वॅटचा असायचा, त्याच्या काचेला बोट लागलं की पोळायचं, एवढंच. पण ही उष्णता निघते कुठून ते बघा. ७७०० मध्ये ज्या तुकड्यावर प्रत्यक्ष गणित चालतं तो जेमतेम ७० चौरस मिलिमीटरचा, अंगठ्याच्या नखाहून लहान. ८८ पैकी साठ-सत्तर वॅट त्या नखातून बाहेर पडतात. घरातली हजार वॅटची इस्त्री घ्या. तिची सगळी उष्णता तळहाताहून मोठ्या बुडावर पसरलेली असते. दर चौरस सेंटिमीटरला हिशोब केला तर हा तुकडा इस्त्रीच्या बुडापेक्षा पंधरा-वीस पट जास्त उष्णता सोडतो.

यातून एक गोष्ट कळते, जी कूलरच्या जाहिरातीत कुणी लिहीत नाही. अडचण कूलरपाशी नसतेच, ती त्या नखापाशी असते. नखातून वरच्या धातूच्या झाकणापर्यंत उष्णता यायलाच वाट अरुंद. त्यात एएम५ च्या प्रोसेसरांवरचं झाकण जाड ठेवलेलं आहे, जुन्या एएम४ चे कूलर त्यावर बसावेत म्हणून. त्या झाकणाच्या वर तुम्ही काय ठेवता याने फरक पडतो, पण ७७०० सारख्या ८८ वॅटच्या प्रोसेसरला सहा नळ्यांचा चांगला हवेचा कूलर आणि तीन पंख्यांचा लिक्विड यांत चार-पाच अंशांपलीकडे तो क्वचितच जातो. आणि चार-पाच अंश म्हणजे काय, तर सकाळी नऊ आणि सकाळी अकरा यांच्यातला नागपूरचा फरक.

खोलीचं तापमान मात्र सरळ बेरजेने येतं. जानेवारीत खोली २५ अंश असताना प्रोसेसर ७२ वर थांबत असेल, तर मेमध्ये खोली ४० झाली की तो ८७ च्या आसपास जाणार. कूलर हवेचा असो की पाण्याचा, ते १५ अंश दोघांच्याही माथी सारखेच. त्यामुळे 'नागपूरच्या उन्हात हवेवाला पुरत नाही' या वाक्यात काही अर्थ नाही. उलट खिडकीतला पत्र्याचा कूलर चालू केला आणि खोली आठ-दहा अंशांनी उतरली, तर प्रोसेसरही तेवढाच उतरेल. लिक्विडवर घातलेल्या साडेनऊ हजारांपेक्षा तो वाळा प्रोसेसरला जास्त गार ठेवेल. फक्त संगणक त्या वाऱ्याच्या थेट तोंडी ठेवू नका. ओलसर वाऱ्यात धूळ चिकटते आणि पत्र्यांवर तिचा चिखल वाळतो.

८७ आकडा बघून घाबरू नका, हेही सांगून टाकतो. ७७०० ची कंपनीने ठरवलेली मर्यादा ९५ अंशांची आहे. त्यापुढे जायची वेळ आली तर प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. २०२२ मध्ये रायझन ७००० मालिका आली तेव्हा वरच्या मॉडेलांचं तापमान जोरदार कामात थेट ९५ ला जाऊन टेकायचं आणि लोक स्क्रीनशॉट काढून एकमेकांना पाठवायचे. ते बिघडलेले नव्हते, तशीच त्यांची आखणी होती: तापमानाची मुभा असेपर्यंत वेग वाढवत राहायचा.

पाण्याची ही हौस आली कुठून, तेही थोडक्यात. मोठ्या यंत्रांत पाणी जुनंच; आयबीएमच्या १९८० च्या ३०८१ मध्ये थंड पाणी खेळवलेलं होतं, आणि १९८५ चा क्रे-२ तर अख्खा फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवलेला असे. टेबलावरच्या संगणकाच्या प्रोसेसरला मात्र १९९० च्या आसपास स्वतःचा साधा पंखाही सहसा लागत नसे. मग चक्र फिरलं आणि २००४ साल आलं. इंटेलचा प्रेस्कॉट पेंटियम ४ शंभर वॅटच्या पुढे गेला, पुढचा तेजस नावाचा प्रोसेसर इंटेलला त्याच वर्षीच्या मे महिन्यात रद्द करावा लागला, आणि ॲपलने आपल्या सगळ्यात वेगवान पॉवर मॅक जी५ मध्ये कारखान्यातूनच पाण्याची जोडणी करून दिली. त्यांतल्या काही मॅकमधून पुढे काही वर्षांनी ते पाणी गळलं आणि खालचे भाग गंजले. सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात सीलबंद लिक्विड कूलर आला तो २००९ च्या सुमाराला, कोर्सेअरच्या एच५० च्या रूपाने. तो बनवला होता डेन्मार्कच्या ॲसेटेकने. पंप थेट प्रोसेसरच्या डोक्यावर बसवायच्या रचनेची पेटंटं त्यांच्याकडे होती आणि त्यांवरून बरीच कोर्टबाजीही झाली. काही कंपन्या पंप रेडिएटरमध्ये किंवा नळीच्या मध्येच बसवतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता माझा स्वतःचा अनुभव. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण हे कुठल्याही कंपनीच्या बाबतीत होऊ शकलं असतं. माझ्या आधीच्या संगणकाला दोन पंख्यांचा, २४० मिलिमीटरचा लिक्विड कूलर होता. चार वर्षं एक अक्षर बोलला नाही. पाचव्या वर्षी सकाळी संगणक चालू केला की पोट बिघडल्यासारखी गुडगुड यायला लागली. मिनिटभरात थांबायची, म्हणून मी दुर्लक्ष केलं. एके दिवशी एक मोठी फाइल निघत असताना सगळं रखडायला लागलं. तापमान बघतो तो ९९. कॅबिनेट उघडून हात लावला, तर पंपाचा ठोकळा चटका देत होता आणि रेडिएटर माठासारखा गार. पाणी फिरतच नव्हतं.

वॉरंटी संपलेलीच होती, तेव्हा स्क्रू काढून तो उघडला. तांब्याच्या चकतीच्या आतल्या अंगाला फणीच्या दातांसारख्या बारीक खाचा असतात, फणीपेक्षाही कितीतरी बारीक; पाणी त्यांच्यातून जावं म्हणून. चहाच्या गाळणीत साय अडकावी तसा पांढरट-हिरवा लगदा त्या खाचांत बसला होता. टाचणीने काढून बघितला, तर बोटावर खडूसारखा वाळला. तांब्याची चकती आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात राहिले की गंज धरतोच. तो रोखायला पाण्यात रसायनं घातलेली असतात आणि ती कायमची टिकत नाहीत. शिवाय रबरी नळ्यांच्या अंगातून वर्षानुवर्षं अगदी थोडं थोडं पाणी उडून जातं. (आपलं पाणी 'कुठेच उडून जात नाही' असं वर म्हणालो, त्याला एवढा अपवाद.) जाणाऱ्या पाण्याची जागा हवा घेते, आणि ती हवा पंपात शिरली की गुडगुड ऐकू येते. बहुतेक सीलबंद कूलरांमध्ये परत पाणी भरायची सोय नसते. म्हणजे ही वस्तू दुरुस्त करायची नाही, बदलायची.

नवा कूलर येईपर्यंत दोन दिवस काम बंद. प्रोसेसरला काही झालं नाही, त्याने वेग उतरवून स्वतःला सांभाळलं. पण मनात हिशोब सुरू झाला. त्याच घरात मुलीच्या संगणकाला आठ वर्षांपूर्वीचा उभा, हवेचा कूलर आहे. त्याचा पंखा एकदा खरखरायला लागला, तेव्हा तारेच्या दोन क्लिपा काढून पाच-सातशेचा नवा पंखा बसवला. दहा मिनिटांचं काम. आणि पंखा अचानक बंदच पडला असता, तरी ते किलोभर धातूचे पत्रे थोडीफार उष्णता सोडत राहिले असते. पंप बंद पडला की काही सेकंदांत प्रोसेसर कडेलोटाशी येतो. गळतीची भीती लोकांना जास्त वाटते, पण गळती क्वचित होते. पंपाचं वय होणं मात्र ठरलेलंच आहे, म्हणून तर कंपन्याही पाच-सहा वर्षांच्या वॉरंटीवर थांबतात.

हवेच्या कूलरचा शत्रू धूळ. दिवाळीच्या सफाईत आम्ही त्या संगणकाची बाजूची पाटी काढतो. पंखा आणि पत्रे यांच्यामध्ये गोधडीच्या आतल्या कापसासारखा राखाडी थर बसलेला असतो. एका कडेने धरून ओढला तर कधीकधी अख्खा चौकोन सलग निघतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर वाऱ्याने ते भलत्या वेगाने फिरतं आणि बेअरिंग जातं. रेडिएटरमध्येही हाच थर बसतो, पण त्याचे पत्रे दाट असल्यामुळे काढायला जास्त वेळ जातो.

इतकं वाचून मी लिक्विडच्या विरोधात आहे असं वाटेल. तसं नाही. आय-नाइन १४९००के किंवा रायझन नाइन ९९५०एक्स घेऊन तासन्‌तास रेंडरिंग करणाऱ्याला मी ३६० मिलिमीटरचा लिक्विडच घे म्हणेन. २३०-२५० वॅट सतत बाहेर फेकायचे तर पत्र्यांचा पसारा मोठाच हवा, आणि तेवढा पसारा प्रोसेसरच्या डोक्यावर मावत नाही. लिक्विडचा खरा फायदा हाच की पत्रे दूर, कॅबिनेटच्या छताला नेऊन लावता येतात आणि गरम हवा थेट बाहेर जाते. दुसरा फायदा वजनाचा. नॉक्टुआचा प्रसिद्ध एनएच-डी१५ पंख्यांसह १,३२० ग्रॅम भरतो. उभ्या मदरबोर्डवर हे वजन आडवं लोंबकळतं. टेबलावर काही होत नाही, पण जोडलेला संगणक लक्झरी बसच्या डिकीतून मुंबईहून रत्नागिरीला पाठवायचा असेल तर मी तरी तो कूलर काढून वेगळा पाठवेन. अगदी छोट्या कॅबिनेटमध्ये उभा कूलर मावतच नाही, तिथेही रेडिएटर कामाला येतो. आणि काहींना काचेच्या कॅबिनेटमध्ये रंगीत दिव्यांचा पंप हवाच असतो. हौसेला मोल नसतं, फक्त ती हौस आहे हे स्वतःशी कबूल असावं.

लिक्विड घेतलात तर रेडिएटर शक्यतो छताला लावा. समोर लावायचा तर त्याचा वरचा काठ पंपाच्या वर राहिला पाहिजे. पंप सगळ्यात उंचावर आला की आतली हवा नेमकी तिथेच जमते. आणि मदरबोर्ड स्वस्तातला असेल तर आणखी एक बघा: उभ्या कूलरचा वारा प्रोसेसरभोवतीच्या वीज पुरवणाऱ्या भागांवरूनही जातो. लिक्विड बसवला की तो आयता वारा बंद होतो.

दुकानातल्या प्रात्यक्षिकावर तर मुळीच जाऊ नका. लिक्विडमधलं पाणी पुरतं तापायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. पाच मिनिटांची चाचणी दाखवली तर तापमान फारच छान दिसतं, कारण तेव्हा पाणी अजून तापतच असतं. अर्धा तास चालवून बघा, मग बोला. पाण्याच्या याच सुस्तपणाचा एक फायदाही आहे, तेवढं श्रेय देतो: क्षणभराच्या कामाने पंखे एकदम ओरडून उठत नाहीत. हवेच्या कूलरला ती सवय असते, पण बायोसमध्ये पंख्यांचा वेग जरा सावकाश वाढेल असं ठरवलं की ती जाते.

बायोसचा विषय निघालाच आहे तर सगळ्यात स्वस्त कूलर तिथेच आहे. रायझनमध्ये इको मोड असतो, इंटेलमध्ये वॅटची मर्यादा घालता येते. २३० वॅटच्या प्रोसेसरला १४२ वर बांधलं तर काम थोडंच मंदावतं, तापमान मात्र धाडकन उतरतं. शेवटच्या काही टक्के वेगासाठी हे प्रोसेसर बेसुमार वीज खातात. पैसे खर्च करायच्या आधी एकदा हे करून बघा.

रात्री भाच्याशी बोललो. खोक्यातला रेथ प्रिझम ८८ वॅट सांभाळतो, पण तासभर व्हिडिओ निघत असताना त्याचा आवाज होतो, आणि भाचा त्याच खोलीत झोपतो. म्हणून त्याला सहा नळ्यांचा, दोन पंख्यांचा उभा कूलर सुचवला. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई, उंची १५५ मिलिमीटर. साडेतीन-चार हजारांत बसतो. उरलेल्या पैशांत एसएसडी घे म्हणालो, तुझ्या लग्नांना ती जास्त उपयोगी.

"मामा, पण मावेल ना माझ्या कॅबिनेटमध्ये?"

हा प्रश्न त्याने विचारला याचा मला खरा आनंद झाला. दुकानदाराने विचारला नव्हता. त्याच्या कॅबिनेटच्या पत्रकात कूलरची कमाल उंची १६० मिलिमीटर होती. पाच मिलिमीटर शिल्लक.

तेव्हा पुढच्या आठवड्यापर्यंत एक काम करा. संगणक बंद करून कॅबिनेटची बाजूची पाटी काढा, प्रोसेसर बसतो तिथून पाटीच्या आतल्या अंगापर्यंतचं अंतर पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा आणि कॅबिनेटच्या पत्रकातल्या आकड्याशी ताडून कागदावर लिहून ठेवा. छताला किती मिलिमीटरचा पंखा बसतो, तेही. पुढच्या भागात कॅबिनेटमधल्या हवेच्या वाटा बघायच्या आहेत, तेव्हा हे दोन्ही आकडे लागतील.